ताळेबंदात न दिसणारं देणं

पत्र थोडं आटोपशीर करून देतो.

"माझं वय ४७. सी.ए. झाल्यापासून कारखान्यांतच नोकरी केली. गेली काही वर्षं चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत फायनान्सची प्रमुख आहे. मैत्रिणीच्या आग्रहाखातर जिल्ह्यातल्या एका संस्थेची खजिनदार झाले. बौद्धिक दिव्यांग मुलांची निवासी शाळा, अठरापुढच्यांसाठी कार्यशाळा आणि आता तीस-पस्तीस प्रौढांचं वसतिगृह असा त्यांचा पसारा आहे. ज्या बाईंनी संस्था उभी केली त्या पंचाहत्तरीला आल्यात. गेल्या महिन्यात त्यांनी बाजूला घेऊन विचारलं, 'कार्यकारी संचालक म्हणून पूर्णवेळ येतेस का?' पगार आत्ताच्या ४० टक्के. यांची हरकत नाही, मुलगी बारावीला आहे, फ्लॅटचं कर्ज फिटलंय. पण तीन गोष्टी डोकं खातात. माझ्या घरात कोणी दिव्यांग नाही आणि मला विशेष शिक्षणातलं ओ की ठो कळत नाही. मग आकडे सोडून मी तिथे देणार काय? दुसरं, बाई खरंच बाजूला होतील का? तिसरं, ऑफिसात सगळे म्हणतात, समाजसेवा रिटायर झाल्यावर कर, आत्ता कमावून घे. काय करू?"
(एक वाचक, चिंचवड)

तुमचे तिन्ही प्रश्न घेतो. पण पत्रात अर्ध्या वाक्यात उरकलेली एक गोष्ट मला त्या तिन्हींहून मोठी वाटते, ती म्हणजे ते तीस-पस्तीस प्रौढांचं वसतिगृह. बाईंनी एखाद्या मुख्याध्यापिकेला न विचारता तुम्हालाच का विचारलं, त्याचं कारण तिथे आहे. बाईंना ते नेमक्या शब्दांत सांगता आलं नसेल, पण कळलेलं नक्की आहे.

अशा संस्थांची ऑडिटं करण्यात माझी निम्मी हयात गेली. बहुतेकींची जन्मकथा एकाच वळणाची असते. चार-पाच पालक एकत्र येतात, कोणाची तरी रिकामी खोली मिळते, शाळा सुरू होते. पुढे वेतन अनुदान मंजूर होतं, निवासी मुलांसाठी परिपोषण अनुदान मिळू लागतं. उशिरा का होईना, येतं. मग मुलं अठराची होतात. पटावरून नाव कमी होतं, पण मुलगा जाणार कुठे? म्हणून कार्यशाळा निघते. मग आई-वडील सत्तरीला येतात, दोघांतलं एक जातं, मागे राहिलेल्याला गुडघ्यांमुळे तरण्याताठ्या मुलाला आंघोळ घालणं झेपत नाही. म्हणून वसतिगृह. आधी आखणी करून हे कोणी केलेलं नसतं, एकेका घराची नड बघून होत गेलेलं असतं. आणि एवढ्या वर्षांत प्रत्येक पालक फिरून फिरून एकच विचारतो, 'आमच्यानंतर याचं काय?' त्यावर संस्था म्हणते, 'आम्ही आहोत ना.'

या तीन शब्दांत चाळीस वर्षांचं देणं आहे. तुम्ही खजिनदार आहात. ताळेबंदात ते कुठे दिसतं, सांगा.

'पालक ठेव' अशी एक ओळ दिसते, बस्स. ती घेऊन कागदावर बसा. समजा, एका वडिलांनी प्रवेशाच्या वेळी ५ लाख भरले. ७ टक्क्यांनी त्याचं वर्षाचं व्याज ३५ हजार, म्हणजे महिन्याला ३ हजारांच्याही आत. जेवण, फिटची औषधं, रात्रपाळीची मावशी, डायपर, वीज, कपडे असं सगळं मिळून त्या मुलाचा खर्च समजा महिना १८ हजार आहे. महागाई ६ टक्के धरली तर १२ वर्षांत तो ३६ हजारांवर जातो आणि २४ वर्षांत ७२ हजारांवर. मुलगा आज तिशीचा आहे, अंगापिंडाने धडधाकट आहे. मधली तफावत आज वडिलांच्या पेन्शनमधून मासिक फी म्हणून येते. ते गेले की आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनातून येईल. तीही गेली की भावाकडून. भाऊ पहिली दोन-तीन वर्षं नियमाने भरतो, मग तिमाहीला भरतो, मग फोन उचलत नाही. (अशा वेळी दोष वहिनीच्या माथी मारायची आपल्याकडे रीत आहे. खतावणीत मात्र खातं भावाच्याच नावाचं असतं.)

त्या मुलाला कोणी रस्त्यावर सोडत नाही. तो राहतो आणि त्याचा खर्च शाळेच्या देणग्यांतून, शिक्षकांच्या लांबलेल्या पगारांतून, बाईंच्या ओळखीच्या कोणा भल्या माणसाच्या चेकमधून निघतो. बाई आहेत तोवर ते चेक येतील. तुम्हाला त्यांनी जे विचारलंय, त्याचा अर्थ मी तरी असा लावतो: माझ्या शब्दावर तीस-पस्तीस घरं विसंबून आहेत, माझ्यानंतर हा शब्द पाळायची काहीतरी सोय करून दे.

म्हणून 'आकडे सोडून मी काय देणार' या प्रश्नात मला राम दिसत नाही. आकडेच द्या. तिथे जिव्हाळा भरपूर आहे, विशेष शिक्षणाच्या पदव्याही आहेत. कोणत्या माणसाच्या वाट्याला किती वर्षांचा किती खर्च येणार आणि तो कुठून उभा राहणार, हे माणसागणिक मांडलेलं एक पान मात्र तिथे नसणार. बहुतेक संस्थांत नसतं.

त्या पानासाठी चौकश्या कराव्या लागतील आणि त्यातून अनपेक्षित गोष्टी बाहेर येतील. उदाहरणार्थ, कोणाकोणाचे वडील सरकारी नोकरीत होते ते पाहा. स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आई-वडिलांमागे हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळण्याची तरतूद सरकारी नियमांत आहे. पण पेन्शनच्या कागदात मुलाचं नाव आणि अपंगत्वाचा दाखला आधीच नोंदवलेला असला तर पुढचं सोपं जातं, आणि किती वडिलांनी ते केलेलं नसतं! दुसरी गोष्ट पालकत्वाची. मूल अठराचं झालं की आई-बापही कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, हे निम्म्या पालकांना ठाऊकच नसतं. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९चा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगत्व या चारांसाठी जिल्हाधिकारी ज्यात असतात त्या स्थानिक समितीकडून पालक नेमून घेता येतो. वडील हयात आणि हिंडते-फिरते असताना हा अर्ज झाला तर बरा. त्याच न्यासाची 'निरामय' नावाची १ लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे, तिचे हप्ते चालू आहेत का तेही बघा. हे सगळं कामाच्या भाषेत सांगायचं तर येणी वसूल करणं आहे. त्यात तुमचा हात कोण धरणार?

तिसरी गोष्ट विश्वस्त मंडळाच्या डोक्यातली. 'ट्रस्टला पैसे साठवता येत नाहीत, उत्पन्नातले ८५ टक्के खर्च करावेच लागतात' हे वाक्य मी इतक्या मंडळांत ऐकलंय की आता हसू येतं. १५ टक्के राखता येतात, त्यापलीकडे ठराविक कारण लिहून पाच वर्षांपर्यंत रक्कम बाजूला ठेवता येते, आणि दात्याने लेखी सांगून कायम निधीला, म्हणजे मुद्दल न मोडता राखायच्या गंगाजळीला, दिलेली देणगी तर वेगळीच, ती नेमून दिलेल्या ठिकाणी गुंतवली की झालं. नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले म्हणून हे बदललेलं नाही. तुम्हाला हे मी काय सांगायचं! पण मंडळाला सांगणारं कोणी नाही. त्यांच्या लेखी कायम निधी म्हणजे अनुदान रखडलं की पगार काढायची जागा. जानेवारीत मुदत ठेव मोडायची, अनुदान आलं की परत करायची आणि एखाद्या वर्षी परत करायचं राहून जायचं. पासबुकं चाळलीत तर हे तुम्हाला एका दुपारीत दिसेल.

माझं मत विचाराल तर, जा. पण मला ज्याची धास्ती वाटते तेही ऐका.

कारखान्यातून आलेल्या माणसाला संस्थेत पहिल्यांदा 'दर माणशी खर्च' दिसतो, आणि तो दिसला की हात शिवशिवायला लागतात. कार्यशाळेचंच घ्या. पाकिटं, पणत्या, मसाल्याच्या पुड्या. मालाचा खर्च, काम शिकवणाऱ्या निदेशिकेचा पगार, वीज धरली तर प्रत्येक वस्तू तोट्यात. तुमच्यातला कॉस्टिंगवाला म्हणेल, बंद करा. समोर कोणी भावूक विश्वस्त असला तर तो म्हणेल, अहो, मुलांनी बनवलंय, लोक दुप्पट किंमत देतील. मला दोन्ही पटत नाहीत. आधी तिथे जाऊन बसा. मी एका कार्यशाळेत पाहिलेलं सांगतो. एका तरुणाला दहापर्यंत मोजता येत नव्हतं. निदेशिकेने पुठ्ठ्यावर दहा चौकोन आखून दिले. तो प्रत्येक चौकोनात एक पाकीट ठेवायचा, सगळे भरले की गठ्ठा उचलून रबर लावायचा. चुकीचा गठ्ठा नाही. तुमच्या चाकणच्या शॉपफ्लोअरवर काम चुकू न देणारं असं साधन बनवलं तर त्या इंजिनिअरला 'कायझेन'चं, म्हणजे कामातल्या छोट्या सुधारणेचं, बक्षीस मिळतं आणि नोटीस बोर्डावर फोटो लागतो. इथे त्या निदेशिकेचा पगार कंत्राटी आणि तोही दोन महिने थकलेला. त्या तरुणाचं काम तोट्यात आहे की नाही हे ठरवण्याआधी त्याला आणखी कोणतं काम असं आखून देता येईल, कोणत्या कंपनीकडून नियमित ऑर्डर आणता येईल आणि त्याच्या हातात महिन्याला रोख किती पडेल, हे विचारा. तुमच्या ओळखीत पुरवठादार आहेत, खरेदीप्रमुख आहेत. देणग्यांपेक्षा ऑर्डरी मागायला तुम्ही जास्त शोभाल.

घरात कोणी दिव्यांग नाही हा मुद्दा मात्र मी झटकून टाकणार नाही. जगभरच्या दिव्यांग चळवळीचं जुनं म्हणणं आहे की आमच्याविषयीचा कोणताही निर्णय आम्हाला वगळून नको. त्या दृष्टीने तुमच्या मंडळाकडे बघा. डॉक्टर असतील, वकील असतील, बिल्डर तर असतोच. दिव्यांग व्यक्ती एक तरी आहे का? वसतिगृहातल्या लोकांना जेवणाचा बेत, खोलीतला सोबती, टीव्हीची वेळ याबद्दल कोणी विचारतं का? की 'आपल्या मुलांना काय कळतंय' म्हणत पंचेचाळिशीच्या गृहस्थालाही बाळ म्हणतात? २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले हे सगळ्यांना पाठ असतं, पण त्याच्या नावातला 'हक्क' हा भाग संस्थांमध्येच सर्वांत उशिरा पोचतो. तुम्ही बाहेरून येताय, तेव्हा हे प्रश्न तुमच्या तोंडी साजतील. आतल्यांना ते विचारायची भीड पडते.

आणि पैशांच्या जगातली माणसं या कामात नवखी असतात असंही नाही. जयपूर फूट हा कृत्रिम पाय लाखोंपर्यंत पोचवणारी भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ साली सुरू करणारे डी. आर. मेहता पुढे रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर झाले आणि १९९५ ते २००२ शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचे अध्यक्ष होते. म्हणजे त्यांचा क्रम तुमच्या उलटा, आधी संस्था आणि मग शेअर बाजार. आपल्या कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक स्वतः व्हीलचेअरवर, केंद्रीय अबकारी आणि सीमाशुल्क खात्यात नोकरी, आणि १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड' उभी केली. हिशेब आणि सेवा या एकमेकींच्या सवती आहेत असं या दोघांकडे बघून तरी म्हणवत नाही.

आता बाई. त्या बाजूला होतील का? पूर्णपणे नाही होणार, आणि होऊही नयेत. पालक त्यांच्याच घरी फोन करणार, मावश्या रडायला त्यांच्याकडेच जाणार. ते तोडायच्या फंदात पडू नका. मात्र तीन गोष्टी रुजू होण्याआधी ठरावात लिहून घ्या: किती रकमेपर्यंतचा खर्च तुम्ही मंडळाला न विचारता करू शकता, नेमणूक आणि बडतर्फी कोणाच्या सहीने, आणि बँकेत सह्या कोणाकोणाच्या. बाईंना हे आवडलं नाही तर ते आत्ताच कळलेलं बरं. 'आपल्यात कागद कशाला' असं कोणी प्रेमाने म्हणालं, तर तितक्याच प्रेमाने कागद पुढे करा.

खजिनदारपदाचा राजीनामा आधी द्या. विश्वस्त राहून संस्थेचा पगार घेणं म्हणजे आयकरवाल्यांना आणि धर्मादाय आयुक्तांना आयतं निमित्त. पगार ठरेल त्या बैठकीत तुम्ही खोलीबाहेर असा, आणि विश्वस्त बदलल्याचा चेंज रिपोर्ट ९० दिवसांत दाखल झाला की नाही हे स्वतः पाहा. याआधीचे किती रखडलेत तेही त्या निमित्ताने कळेल. मी अशी संस्था पाहिली आहे जिच्या नोंदवहीत दिवंगत झालेले चौघे अजून विश्वस्त होते. तुमची सध्याची कंपनी या संस्थेला सीएसआर, म्हणजे कंपनीचा सामाजिक कामासाठीचा निधी, देत असेल, तर त्या फायलीवर आजपासून सही करू नका.

पगार ४० टक्के. घर चालत असेल तर प्रश्न मिटला, पण त्याहून कमी घेऊ नका. संकोचापोटी 'मला मानधन पुरे' म्हणणारे संचालक संस्थेचं नुकसान करतात. तुम्ही वीस हजारांत राबलात, तर फिजिओथेरपिस्टला तीस कोण देणार? आणि तुमच्यानंतर त्या खुर्चीवर त्या पैशांत कोण येणार? देणगीदार कंपन्या 'ॲडमिनवर ५ टक्क्यांपेक्षा जास्त नको' म्हणून दटावतील. तुम्ही तर कंपनीच्या बाजूने आलेल्या, त्यांना शांतपणे सांगा की ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चाला आहे, संस्थेच्या पगारांना नाही. परदेशी देणग्यांचं वेगळं, तिथे परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा खरीच आहे.

'रिटायर झाल्यावर कर' म्हणणाऱ्यांना वसतिगृह म्हणजे काय ते माहीत नसतं. रात्री दोनला एखाद्याला फिट येते आणि ती थांबत नाही. समाजकल्याणच्या जिन्यावर एकाच फायलीसाठी महिनोन्महिने चढउतार असते. निधी उभा करून तो मुरायला दहा-बारा वर्षं लागतात. साठीनंतर सुरू केलं तर पंचाहत्तरीला तुम्हीच कोणाला तरी बाजूला घेऊन विचारत असाल. मुलीची बारावी होऊन जाऊ द्या, नोटीस पिरिएड पुरा करा, तेवढं थांबायला बाईंचीही ना नसेल.

हो म्हणण्याआधी कागद तपासा. २०१६च्या कायद्याखालचं संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र शाळेपुरतंच आहे की प्रौढांच्या वसतिगृहालाही लागू आहे? कोणा हितचिंतकाकडून उसने घेतलेले पैसे आहेत का? ते असले तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी न घेता ट्रस्टने कर्ज काढलं असा त्याचा अर्थ होतो. मावश्यांचा भविष्यनिर्वाह निधी भरलेला आहे का? ग्रॅच्युइटीची तरतूद केली आहे का? ती नसणार, हे मी इथूनच सांगतो.

आणि एकदा दिवाळीच्या सुट्टीत तिथे जाऊन राहा. वसुबारसेच्या आधी पालक येतात, पिशव्या भरल्या जातात, जीपा सुटतात, आवार रिकामं होतं. मग जेवणाच्या पंगतीला कोण उरतं ते मोजा. त्यांची नावं लिहून घ्या, वयं लिहा, फी शेवटची कधी आली ते कार्यालयातून बघा. मावशीला विचारा, कोणाला अंधारात झोप लागत नाही, कोणाला गोळी दुधातून द्यावी लागते, कोण अजून फाटकाकडे बघत बसतं. ज्या पानाबद्दल मी वर म्हटलं त्याच्या पहिल्या ओळी या लोकांच्या असतील, कारण यांच्या बाबतीत 'आमच्यानंतर' सुरूही झालेलं आहे.

रजेचा अर्ज आत्ताच टाकून ठेवा, सप्टेंबर तिमाहीचे आकडे लांबले तर ऐन वेळी तुमचे साहेब सोडायचे नाहीत. बाईंना तोवर एवढंच सांगा की दिवाळीनंतर कळवते.